मेलेल्या कार्डाचा हिरवा ठिपका

मित्रांनो, मी एक जुने कार्ड आहे. पत्ते खेळायचे नव्हे, शुभेच्छांचेही नव्हे. टेलिफोन एक्स्चेंजच्या यंत्रात फळीसारखे सरकवतात, तसले. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचा एक कारखाना होता, तिथे माझे आयुष्य गेले. त्या आयुष्याची आठवण झाली की मला अजून शिसारी येते.

बंगलोरला जन्मले तेव्हा मी लखलखीत होते. इथे आले आणि आम्लाच्या वाफांनी माझे पाय हिरवट पडले. यंत्राच्या खोलीत झुरळे, कोपऱ्यात तंबाखूच्या पिचकाऱ्या! तरी मी नेकीने राबले. मागच्या आवारातल्या, वायूच्या टाक्यांजवळच्या फोनच्या तारा माझ्यावर होत्या. टाकी गळली तर कामगाराने फोन उचलायचा आणि ऑपरेटर सोजराबाईंनी भोंगा वाजवायचा. सोजराबाई मूळच्या साताऱ्याकडच्या, राहायला जवळच्या सरावली गावात. "हे कार्ड कधी दगा देत नाही," असे त्या म्हणत. तेवढे कौतुक सोडले तर माझ्या वाट्याला धूळच आली.

१९९५च्या सुमारास कॉम्प्युटर आला. कुठले कार्ड कधी बसवले, कधी बिघडले, ते सारे त्यात दिसे, मुंबईच्या मुख्य कचेरीलाही. चालू कार्डापुढे हिरवा ठिपका, बंद पडलेल्यापुढे लाल.

त्याच वर्षी दसऱ्याच्या तोंडावर मी गंजून मेले. तंत्रज्ञ दादूने मला उपसून सोजराबाईंच्या टेबलाच्या खणात टाकले. पडद्यावर माझ्यापुढे लाल ठिपका आला.

"साहेब, याचं नाव खोडतो. नवीन येईल तेव्हा त्याचं घालू," दादू म्हणाला.

मॅनेजर दिनानाथसाहेब खेकसले, "खंडेनवमीला यंत्राचं नाव खोडतोस? मालक पूजेला यायचेत. हिरवं करून ठेव!"

दादूने तसे केले. मग त्या पडद्याला कुंकू लावले, झेंडूची माळ घातली, काचेला पेढा चिकटवला. मी खणात सडत होते आणि बाहेर माझ्या नावाची आरती चालली होती. किळस आली मला.

सण गेला, ठिपका राहिला. नवे कार्ड मागवले तर मुंबईच्या कचेरीने विचारले, "तुमचं कार्ड तर चालू दिसतंय, नवीन कशाला?" आपले खोटे उघडे पडेल म्हणून साहेबांनी मागणीच मागे घेतली. दादू वापीला दुसऱ्या नोकरीवर गेला. मागचे फोन मुकेच राहिले. ते संकटापुरतेच असल्याने कुणाला कळलेही नाही. सोजराबाईंना वाटले, जुने काढून नवे बसवले असेल.

एका दुपारी टाकी गळली. तिथे डोंगरातल्या पाड्यावरचा गोमा कामाला होता. त्याने फोन उचलला, तर आत काहीच नाही. मग तो वायूतूनच धावत, बोंबलत सुटला आणि त्याने एकेकाला बाहेर काढले. माणसे वाचली. गोमाचा घसा मात्र जळला.

चौकशीला मालक सोजराबाईंच्या खोलीत आले. साहेबांनी त्यांना पडदा दाखवला. "फोन चालू होता. हा बघा हिरवा ठिपका. या गोमानेच फोन केला नाही, घाबरून पळाला."

गोमा फाटक्या आवाजात म्हणाला, "मी फोन उचलला व्हता, साहेब. त्यात काय वाजतच नव्हता. मी खोटा नाय बोलत."

कोण ऐकतो? त्याला कामावरून काढायचे ठरले. ज्या साहेबाने स्वतः तो ठिपका हिरवा करवला, तो शांतपणे चहा पीत होता. असल्या माणसापेक्षा माझ्या खणातली झुरळे बरी!

तेवढ्यात, पडद्यावर नव्या कार्डाचे नव्हे, माझेच नाव पाहून सोजराबाई उठल्या. खण ओढला आणि जळमटांसकट मला मालकांच्या पुढ्यात आपटले.

"हे घ्या तुमचं चालू कार्ड! हे इथे टेबलावर पडलंय आणि याच्या नावापुढे तुमचा ठिपका अजून हिरवाच!"

मालकांनी पडद्याकडे पाहिले, मग साहेबांकडे. साहेबांच्या कपातला चहा तसाच राहिला.

गोमाची नोकरी टिकली. माझे नाव त्याच दिवशी खोडले गेले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे तुम्हाला सगळेच सांगतात. मी म्हणते, जिवंत आहोत तोवर जपा, धूळ पुसा, गंज काढा. पण मेलेल्याला मेलेले म्हणा. मला कुंकू नको होते, पेढा नको होता. 'हे कार्ड मेले आहे', एवढे एक खरे वाक्य कुणी वेळेवर बोलले असते, तर गोमाला आज आपल्या पोरांना मोठ्याने हाक मारता आली असती.