राखीव मेल सर्व्हरचं पहिलं काम

मी दोन नंबरचा मेल सर्व्हर बोलतोय. हळूच बोलतो, कारण तोंड वर करून सांगावं असं माझ्या हातून काही झालेलं नाही.

या ऑफिसची सगळी मेल एकाच साठ्यात पडते. ती लोकांना उघडून दाखवायला दोन खिडक्या: एक नंबर आणि मी. एक नंबरचा पत्ता सगळ्यांच्या कॉम्प्युटरमध्ये भरलेला. माझा मात्र फक्त सिस्टिमवाल्याला ठाऊक. "लागेल तेव्हा सांगेन की," म्हणायचा. एक नंबर दिवसभर राबायचा आणि मी एसीत बसून फुकटची वीज खायचो. पाहुणे आले की सिस्टिमवाला माझ्यावर थाप मारून सांगायचा, "आमच्याकडे दोन आहेत." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एके सकाळी एक नंबर बंद पडला. सिस्टिमवाला बहिणीचं घर हलवायला गेलेला, फोन लागेना. नेमकं त्याच दुपारी हिशेबाच्या टेबलावरच्या ताईंच्या बदलीचं पत्र आलं. त्यांचा नवरा आणि लहानगी मुलगी दुसऱ्या शहरात, तिथेच त्यांनी बदली मागितलेली. पत्रात लिहिलं होतं, आज पाचपर्यंत होकार कळवा, नाहीतर जागा पुढच्या नावाला जाईल.

ताई माझ्या काचेपाशी आल्या. शेजारच्या टेबलावरचे काका सोबत होते.

"काका, हा दुसरा आहे ना? पाहुण्यांना दाखवतो तो."

"आहे की. पण वापरायचा कसा, ते सिस्टिमवाल्यालाच माहीत."

"चालू तर दिसतोय."

"अहो, इतके दिवस नाही आलं पत्र, ते आजच कशाला येईल? चला, चहा घेऊ."

पत्र माझ्या हाताशी होतं आणि मला हाक मारता येत नव्हती. पाच वाजून गेले.

दुसऱ्या दिवशी सिस्टिमवाल्याने आमच्यापुढे एक वाटप करणारा बसवला. आता कोणी कुठल्या खिडकीवर जायचं, ते तोच बघतो. एक बंद पडली, तर सगळे आपोआप दुसरीवर. "बैल गेला आणि झोपा केला," काका म्हणाले. सिस्टिमवाल्याने मान खाली घातली. मला मानच नाही.

हल्ली मीही राबतो. तुमच्याकडे माझ्यासारखा कोणी राखीव बसला असेल, तर त्याचा पत्ता आजच चार जणांना सांगून ठेवा, एवढीच विनंती.

आणि ताई? वाटप सुरू झालं तेव्हा माझ्याकडे सगळ्यांत आधी त्याच आल्या. ते पत्र मी क्षणात उघडून दिलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं काम. ताईंनी ते वाचलं, पुन्हा वाचलं.

मग काकांना म्हणाल्या, "किती पटकन उघडलं बघा."