लॅबमधला सत्कार

प्रांजलला उचलायला माणसं मिळतात, फक्त कार्यक्रम असावा लागतो, हे तिला बारावीच्या निकालानंतर कळलं. जन्मापासून पाय आखडलेले, चाकाच्या खुर्चीशिवाय हलणं नाही. तासगावच्या स्टँडवर ती एसटीत चढायचं म्हणाली की अख्खा स्टँड एकदम मोबाईलमध्ये डोकं घालायचा. पण रहिमतपूरच्या कुठल्याशा मंडळानं सत्कार ठेवला, तर दारात गाडी आली आणि तिला स्टेजवर चढवायला पोरांची अशी झोंबाझोंबी झाली की खुर्चीचं एक हँडल कुणाच्या तरी हातातच राहिलं.

सांगलीत तिनं कॉम्प्युटरच्या डिग्रीला प्रवेश घेतला होता. पायांची थेरपीही सांगलीतच, दर गुरुवारी. दोन्ही बुडत होतं. शेवटी तिनं बिराप्पाआण्णांना फोन लावला. आण्णा बेदाण्याचे व्यापारी, पण खरा नाद सत्काराचा. कुणाची म्हैस जुळी व्याली तरी शाल घेऊन हजर. प्रांजलनं सुचवलं, सत्कार सांगलीत ठेवला तर पेपरवाले येतील, आणि गुरुवारी ठेवला तर लय बरं. आण्णांना पटलं.

मग गुरुवारमागून गुरुवार तिचा सत्कार होऊ लागला. बहुतेक जिद्दीबद्दल, एकदा जागतिक जलदिनानिमित्त. गळ्यातला हार काढला की तीच गाडी तिला आधी कॉलेजला, मग थेरपीला सोडायची. पाय थोडे सैल पडायला लागले. शाली इतक्या झाल्या की आईनं त्या घरच्या बेदाण्याच्या शेडला सावलीसाठी बांधल्या.

राहिली प्रॅक्टिकलची परीक्षा. लॅब दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. परीक्षा खाली घ्या, असा अर्ज तिनं केला होता. कॉम्प्युटर नाजूक असतात, जिन्यावरून नेता येत नाहीत, असं उत्तर आलं. आपण नाजूक नाही एवढं त्यातून तिला समजलं. ही परीक्षा गेली तर वर्ष अडकलं. तिनं आण्णांना गळ घातली, या वेळचा सत्कार लॅबमध्येच ठेवा, परीक्षेच्या दिवशी, परीक्षेच्या आधी, आणि झटक्यात उरका.

"लॅबात अजून कुणीच केला न्हाई," आण्णा म्हणाले. त्यांनी लगेच हलगीवाल्याला फोन लावला.

त्या दिवशी हलगीच्या तालावर तिला वर नेलं. डोक्याला फेटा बांधला. लॅबमध्ये टेबलं होती, वायरी होत्या, कॉम्प्युटर एकही नव्हता. तिनं शिपायाला विचारलं. एवढ्या मोठ्या कार्यक्रमाला अडथळा नको, म्हणून प्राचार्यांनी परीक्षा खालच्या हॉलमध्ये हलवली होती. कॉम्प्युटर सकाळीच जिन्यावरून नेले. एकालाही ओरखडा नाही, असं तो अभिमानानं म्हणाला.

"आण्णा, मला खाली न्या. परीक्षा सुरू झालीया."

"आगं, पाव्हणं आत्ताच बोलायला उठल्यात. त्यांचा आपमान करतीस व्हय?"

पाहुणे शिक्षणाच्या महत्त्वावर बोलले. त्यांच्यानंतरचे पाहुणे पहिल्या पाहुण्यांच्या भाषणावर बोलले. प्रांजलनं मध्येच हात वर केला, तर तिला अभिवादन करायचंय असं समजून सगळे उभे राहिले. आभारप्रदर्शन संपलं तेव्हा खाली उत्तरं जमा झाली होती. उचलणारी पोरं जेवणाच्या पंगतीला पळाली. मग शिपाई एकेक कॉम्प्युटर छातीशी धरून वर आणू लागले, जपून, तान्ह्या बाळासारखा.

प्राचार्य आले. गैरहजेरी लागली होती. पण काळजीचं कारण नव्हतं, फेरपरीक्षा ऑक्टोबरमध्ये होती.

"कुठं?" प्रांजलनं विचारलं.

"लॅबमध्येच. इथंच."

"मग मी आता खाली उतरतच न्हाई, सर. ऑक्टोबरपातूर हितंच बसते."

प्राचार्यांनी घड्याळ बघितलं. लॅबला कुलूप लावायची वेळ झाली होती. विषय गंभीर आहे हे त्यांनी मान्य केलं, आणि दिव्यांगांच्या अडचणी समजून घेण्यासाठी तातडीची बैठक बोलावली. आण्णांनाही बोलावणं होतं. बैठक तळमजल्यावर होती, त्यामुळे प्रांजल वरच राहिली.

थोड्या वेळानं खालून टाळ्या ऐकू आल्या.