दिघाशीची पहिली बी.ए. सून

दिघाशीच्या नाक्यावर बॅनर लागला आणि रूपानं नाक्यावरून जायचंच टाळलं.

बॅनर चांगला दहा फुटी होता. लावणारा तिचा धाकटा दीर दीपेश. एरवी दीपेशला बॅनर लावायला कारण लागत नाही, या वेळी मात्र कारण खरंच होतं. भिवंडीच्या ज्या महिला महाविद्यालयात रूपा शिकली, तिथं दरवर्षी कर्तबगार माजी विद्यार्थिनींचा सत्कार होतो. यंदाच्या पाच जणींत रूपाचं नाव निघालं होतं. तेवढं लिहून थांबेल तर तो दीपेश कसला! रूपाच्या फोटोखाली त्यानं लाल अक्षरांत छापलं होतं : 'दिघाशीची पहिली बी.ए. सून'.

आणि खरी गोष्ट अशी, की रूपा बी.ए. नव्हती.

ही सगळी करणी तिच्या वडिलांची, काळूरामांची. आमच्याकडे लग्नपत्रिकेत मुलामुलीच्या नावापुढे शिक्षण छापतात, आणि ते जितकं लांब तितकी मान ताठ. लग्न मे महिन्यात, शेवटच्या वर्षाचा निकाल जूनमध्ये. पण पत्रिका काही निकालासाठी थांबत नाही. पोरगी हुशार आहे, पास होणारच, असं म्हणून काळूरामांनी 'चि. सौ. कां. रूपा, बी.ए.' अशा आठशे पत्रिका छापल्या आणि वाटूनही टाकल्या. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. अर्थशास्त्राच्या पेपराच्या आदल्या दिवशी साखरपुडा झाला होता. रूपा मेंदीच्या हातानं पेपरला बसली, कसेबसे दोन प्रश्न लिहिले आणि तिसऱ्याला तिला चक्क डुलकी लागली.

जूनमध्ये ती एकटीच कॉलेजात जाऊन फळ्यावरची यादी बघून आली. पास झालेल्यांत तिचा नंबर नव्हता. गुणपत्रिका घ्यायला ती खिडकीपर्यंतही गेली नाही. दोन-तीन मार्कांनी हुकलं असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली. घरी येऊन बघते तर सासू सीताबाईनं ओटीवरच्या भिंतीत खिळा ठोकून घेतलेला. सुनेची डिग्री तिथं लावायची होती. डिग्री यायला वेळ लागतो, एवढंच रूपा म्हणाली, आणि तिथंच फसली.

वर्षभरानं त्या खिळ्यावर वज्रेश्वरीच्या जत्रेतून आणलेली देवीची तसबीर लागली. सासू विसरली म्हणून रूपाचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. कारण डिग्री विसरलेली सीताबाई 'आमची सून बी.ए.' हे काही विसरली नाही. हळदीत, बारशात, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा ती ते सांगायची. रूपा मान खाली घालायची आणि लोक म्हणायचे, एवढी शिकलेली, पण गर्व म्हणून नाही. नवऱ्याला, कुमारला, सांगावं असं तिला शंभरदा वाटलं, पण कुमारच्या पोटात आईपासून काही राहत नाही. काळूराम गेले तेही मुलगी बी.ए. आहे याच समाधानात. एकवीस वर्षं अशी गेली.

पुरस्कार मात्र तिला खोट्यासाठी मिळत नव्हता. पडघ्याच्या बाजूला गोडाऊनं उभी राहिली, गावोगावच्या बाया पॅकिंगच्या शिफ्टला जायला लागल्या, तेव्हा त्यांची तान्ही पोरं गेटजवळ पुठ्ठ्यांवर झोपलेली रूपानं पाहिली. तिनं एका पत्र्याच्या खोलीत चार झोळ्या बांधल्या. प्रत्येक झोळी त्या-त्या आईच्याच जुन्या लुगड्याची, म्हणजे पोराला आईचा वास येतो आणि ते रडत नाही. आज त्या पाळणाघरात ऐंशी पोरं आहेत. कॉलेजच्या कानावर हे गेलं आणि माहितीचा फॉर्म घरी आला. रूपा पाळणाघरात असताना मुलगी रुचिकानं तो भरून पाठवूनही दिला. रुचिका त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. शिक्षणाच्या रकान्यात तिनं आजीकडून जन्मभर ऐकलेलं लिहिलं : बी.ए.

सत्काराच्या दिवशी दोन जीप भरून दिघाशी भिवंडीला निघाली. रस्ताभर बाया गाणी म्हणत होत्या आणि रूपा मनातल्या मनात एकच वाक्य घोळवत होती. सभागृहाशी सगळे उतरले, तशी ती कुणाला काही न सांगता कार्यालयात शिरली.

तिथं धनेश नावाचे क्लार्क मानपत्रांचे कागद लावत बसले होते. रूपानं उभ्याउभ्याच सांगितलं, की मी शेवटच्या वर्षाला नापास आहे, फॉर्मात मुलीनं चुकीचं लिहिलंय, तेव्हा हा पुरस्कार दुसऱ्या कुणाला तरी द्या.

धनेश हसले. "ताई, बसा आधी. पुरस्कार माजी विद्यार्थिनींना आहे, पदवीधरांना नाही. एक वर्ष शिकलेलीलाही मिळतो. आणि आम्ही रजिस्टर बघूनच मानपत्र लिहितो. तुमच्या मुलीनं लिहिलेलं केव्हाच दुरुस्त केलंय."

सुंठीवाचून खोकला गेला म्हणून रूपा मटकन खुर्चीत बसली. मग त्यांनी पुढं केलेला कागद तिनं वाचला. 'तृतीय वर्ष कला शाखेपर्यंत शिक्षण, पदवी अपूर्ण.' हे आता माइकवरून वाचलं जाणार होतं. पहिल्या रांगेत सीताबाई बसलेली असणार आणि तिच्या मागं अख्खी दिघाशी. एकवीस वर्षं गावभर मिरवलेल्या सासूचं तोंड भर सभागृहात पडणार होतं, आणि तेही सुनेच्या सत्कारात.

तिचा चेहरा बघून धनेशना काय कळायचं ते कळलं. हे वाक्य खोडायचं असेल तर खोडतो, कुणाचं काही अडत नाही, असं म्हणून त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

खोडा, असं रूपाच्या ओठांवर आलं होतं. पण तिला वाटलं, आजवर खोटं बापानं छापलं, सासूनं सांगितलं, पोरीनं लिहिलं. मी नुसती गप्प राहिले. आज ही रेघ मारायला लावली तर ते माझं स्वतःचं पहिलं खोटं ठरेल.

"राहू द्या तसंच," ती म्हणाली. "फक्त दहा मिनिटं उशिरा सुरू करा."

सीताबाई पहिल्या रांगेत बसली होती. ठेवणीतलं लुगडं, मांडीवर पिशवी, आणि शेजारच्या ठकुबाईला ही खुर्ची कशी खास आपल्यासाठी राखली ते सांगणं चाललेलं. रूपा तिच्यासमोर उकिडवी बसली. तिनं दोन्ही हात सासूच्या गुडघ्यांवर ठेवले.

"आई, मी बी.ए. न्हाय. अर्थशास्त्रात नापास झाले. दोन-तीन मार्कांनी. आता तिथं वाचून दाखवतील."

सीताबाईनं पिशवी नीट केली. "माला ठाव हाय," ती म्हणाली.

कधीपासून, एवढंच रूपानं विचारलं.

"रुचिका पोटात व्हती तवापासून. तुझी डिग्री आणाया मीच आलते हितं, फ्रेम करायची म्हून. कोण तुम्ही, म्हनले. लग्नाची पत्रिका दाखवली. तवा त्यांनी सांगितलं."

"मग गावभर सांगत का फिरलात?"

"तुझ्या बापानं छापलं व्हतं. व्याही व्हता माझा. त्याला खोटं पाडू?" सीताबाईचा आवाज जरा खाली आला. "तू सांगशील म्हून वाट बघत व्हते. येक डाव सांगाया लागले ते मागं घेता येईना. दमले मी बी."

रूपाला रडूही येत होतं, हसूही येत होतं. एकवीस वर्षं एकाच घरात, एकाच चुलीशी, दोघींनी एकच धोंडा दोन टोकांनी उचलून धरला होता, आणि दोघींना वाटत होतं की आपण एकट्याच वाहतोय.

मग रूपाचं नाव पुकारलं. मानपत्र वाचताना 'पदवी अपूर्ण' हे शब्द आले, तसा शूटिंग करणाऱ्या दीपेशचा मोबाइल खाली आला. ठकुबाई सीताबाईच्या कानाशी लागली, की हे काय वाचतात?

"ऐकलं मी. टाळ्या वाजव," सीताबाई म्हणाली आणि स्वतःच पहिली टाळी वाजवली. पाठोपाठ दोन्ही जीपमधली माणसं टाळ्या वाजवायला लागली. चार झोळ्यांपासून ऐंशी पोरांपर्यंतचं सगळं वाचून झालं तेव्हा पदवीचं कुणाच्या लक्षातही नव्हतं. रुचिका तेवढी गोंधळून आईकडे बघत होती. सगळं सांगते, अशी रूपानं तिला मंचावरूनच खूण केली, आणि परतीच्या जीपमध्ये सांगितलंही.

नाक्यावर येताच दीपेशनं गाडी थांबवली आणि बॅनरवरच्या 'बी.ए.'वर खाकी चिकटपट्टी मारली. राहिलं काय, तर 'दिघाशीची पहिली सून'. मग काय, पुढं आठ दिवस गावातल्या म्हाताऱ्या रूपाला विचारत होत्या, की बाई, तुझ्याआधी आम्ही कोण म्हणून आलो होतो?

घरी आल्यावर सीताबाईनं पिशवीही खाली ठेवली नाही. ओटीवरची देवीची तसबीर उतरवून तिनं मागचा पुठ्ठा काढला. आत घडी घातलेला पिवळा कागद होता.

"ही तुझी. तवाच दिली व्हती त्यांनी," ती म्हणाली. "देवीच्या पाठीशी ठेवली. माला काय वाचता येत न्हाय. किती मार्क हायेत गं?"

रूपानं कागद उलगडला. जो आकडा तिनं एकवीस वर्षं चुकवला होता तो आता समोर होता. अर्थशास्त्र, शंभरपैकी. दोन-तीन मार्कांनी हुकलं म्हणून तिनं इतकी वर्षं जिवाला लावून घेतलं होतं. तिनं एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग तिला असं हसू लोटलं की तिला भिंतीला टेकावं लागलं.

"अकरा," ती कशीबशी म्हणाली. "आई, अकरा मार्क हायेत."

सीताबाईनं क्षणभर विचार केला. "मग बरं हाय की. अकरा शुभ असतात," ती म्हणाली. खिळ्यावर तिनं कॉलेजचं मानपत्र लावलं आणि दीपेशला हाक मारून देवीसाठी शेजारी दुसरा खिळा ठोकायला सांगितला.