तिच्या पातेल्याखालची ज्योत

जन्मभर मी शोभेच्या दारूत रंग कालवले. तांब्यानं ज्योत निळी होते, स्ट्रॉन्शियमनं लाल. पण चिमूटभर मीठ पडलं, की सगळ्या रंगांवर पिवळा चढून बसतो.

डॉक्टरांनी माझं मीठ बंद केल्यापासून बायको माझ्यासाठी वेगळं पातेलं चढवते. मी रोज डाफरतो, "तू खा मजेत, मी गिळतो हे अळणी!"

आज तिच्या पातेल्यातला रस्सा गॅसवर उतू गेला. निळी ज्योत आता पिवळी भडकणार, म्हणून मी बघत राहिलो. ती निळीच राहिली.

"अगं, तुझंही अळणीच? मग वेगळं पातेलं कशाला?"

ओटा पुसत ती म्हणाली, "अहो, तुम्हाला कुरकुरायला काहीतरी नको?"