खालचा पाईप

आमच्या गावात मोटार एकच, आणि ती गुणवंतराव गुरुजींची. निवृत्त झाल्यावर माणसं शेती घेतात, नाहीतर दुखणं घेतात. गुरुजींनी चंद्रपूरहून जुनी अँबेसडर घेतली. बौद्धपुऱ्यातल्या अंगणात गाडी उभी राहिली म्हणून वरच्या आळीतली चार-पाच तोंडं महिनाभर आंबट होती. पुढं कुणाच्या घरी ताप निघाला, कुणाच्या घरी साप, आणि तीच तोंडं गुरुजींच्या दारात गोड झाली. कोण कधी गोड झालं ते मला महिन्यानिशी ठाऊक आहे. मी पोस्टमास्तर, पोस्ट माझ्या पडवीत, पडवी गुरुजींच्या घरासमोर, आणि टपाल दिवसाला पाच-सहाच. उरलेला वेळ मी माणसं वाचायचो.

गुरुजी गाडी कधी मिस्त्रीकडं नेत नसत. त्यांच्याकडं आकृत्यांचं एक जाड पुस्तक होतं. "मिस्त्र्याले पाना माहीत असते, कारण माहीत नसते," असं ते म्हणत. कारण सांगण्याची त्यांना चाळीस वर्षांची सवय होती आणि ते ऐकून मान डोलावण्याची आम्हाला तितकीच.

चौऱ्याऐंशीचा मे महिना. तेंदूपानाचे दिवस, त्यामुळं अर्धं गाव पहाटेच जंगलात गेलेलं. लहानूची बायको केसरबाई आदल्या सकाळपासून अडलेली होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि हे पहिलंच. दहाच्या सुमारास सुईण बायनाबाई हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "मूल आडवं हाय. माह्या हातचं नाई. दवाखान्यात न्या."

तालुक्याचा दवाखाना पस्तीस किलोमीटर. आठची एसटी गेलेली. ठेकेदाराचा ट्रक पानं भरून संध्याकाळी जाणार. लहानू अनवाणीच गुरुजींकडं पळाला. गुरुजींनी चावी फिरवली, इंजिन लागलं, आणि रेडिएटरच्या खालचा रबरी पाईप फाटून सगळं पाणी अंगणात आलं.

"घाबरू नको, लहानू," गुरुजी म्हणाले. "पाईप बदलणं म्हणजे इजार बदलणं. तू हिकडं बायकोले घेऊन ये, मी तिकडं पाईप लावतो."

पाईप आणायचा कुठून? श्रीहरीच्या मिरचीच्या वावरात तेलाचं इंजिन होतं. तो वरच्या आळीचा, गुरुजींच्या घरी पाणी न पिणारा. पण निरोप गेला तसा तो पाईपाचा हातभर तुकडा कापून स्वतः घेऊन आला. "मिरची वाळन तं वाळन," म्हणाला आणि अंगणाच्या बाहेरच उभा राहिला. हे त्याच्या बाजूनं लिहून ठेवायला हवं. दोन्ही गोष्टी.

गुरुजींनी पोतं अंथरलं, चष्मा दोऱ्यानं कानाला बांधला आणि गाडीखाली गेले. क्लिपा गंजलेल्या. एक पेचकसानं सुटली, दुसरी छिन्नीनं तोडावी लागली. जुना पाईप नळीला असा चिकटला होता की वस्तऱ्यानं उभा चिरावा लागला. त्या चिरेतून एक स्प्रिंग बाहेर पडली. वीतभर लांब, तांबेरलेली.

"हे काय, गुरुजी?" मी विचारलं.

गुरुजींनी पुस्तक उघडलं. आकृतीत पाईप बाहेरून दाखवलेला होता, पोटातलं काही नव्हतं. "नकाशात नाई," ते म्हणाले. "कुण्या अनाडी मिस्त्र्यानं फाटक्या पाईपाले टेकू म्हणून कोंबली असन. नव्या पाईपाले टेकू कायले पायजे?"

कारण इतकं नेटकं होतं की मी मान डोलावली.

तोवर चौघांनी केसरबाईला बाजेसकट अंगणात आणलं होतं. ती ओरडत नव्हती. ओठ दातात धरून आढ्याकडं पाहावं तसं आभाळाकडं पाहत होती. तिच्या उशाखाली बायनाबाईनं विळा ठेवला होता. आमच्याकडं बाळंतिणीच्या उशाला लोखंड लागतंच, आणि शीव ओलांडायची असली तर त्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. बायनाबाई गोधडीबरोबर तो विळाही गाडीत ठेवू लागली.

"इळा गाडीत नाई," गुरुजी खालूनच म्हणाले. "रस्ता दगडाचा. हिसका बसला तं बाईचा गळा कापन."

"मंग लोखंडाबिगर मी पोरीले शिवेपार नेत नाई."

"लोखंडानं भूत पळालं असतं बायनाबाई, तं लोहाराच्या घरी कोणी मेलंच नसतं."

"लोहाराच्या घरी मरतेत. बाळंतपणात नाई मरत. मोजून पाहा, गुरुजी."

मी मनात मोजलं. गावात लोहाराचं घर एक, बाळंतपणं दोन, दोन्ही सुखरूप. हिशेब बायनाबाईच्या बाजूनं होता. बाया पदराआड हसल्या. लहानू मात्र दोघांपुढं हात जोडून उभा होता. "भांडू नका जी. थे मरून राह्यली तिकडं."

गुरुजी बाहेर आले. ग्रीसनं काळ्या झालेल्या हातानं त्यांनी ती स्प्रिंग उचलली. "घे. हेही लोखंडच. टोचत नाई, कापत नाई. दे तुह्या भुताले."

मी ती फडक्यानं पुसून बायनाबाईच्या हातात दिली. तिनं उलटीसुलटी करून पाहिली. "जुनं हाय, आग खाल्लेलं हाय. चालते," म्हणाली.

नवा पाईप नळीपेक्षा सैल होता. गुरुजींनी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, साबणाचं पाणी लावून पाईप चढवला, एका टोकाला वाचलेली क्लिप, दुसऱ्याला तार पिळून. दोन बादल्या पाणी ओतलं. इंजिन दहा मिनिटं जागच्या जागी चालवलं. एक थेंब गळला नाही. गुरुजींनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की वर्गात पहिलं गणित सुटल्यावर मुलाला वाटावं तसं मलाच वाटलं.

बारा वाजता निघालो. पुढं गुरुजी आणि पाण्याचा डबा धरायला मी. मागं लहानूच्या मांडीवर केसरबाईचे पाय, बायनाबाईच्या मांडीवर डोकं, आणि डोक्याखाली गोधडीत गुंडाळलेली स्प्रिंग.

पहिले दहा किलोमीटर बरे गेले. मग सपाट रस्ता लागला तसा लहानू म्हणाला, "गुरुजी, जराक जोरात." गुरुजींनी जोर लावला आणि थोड्याच वेळात बॉनेटमधून वाफ उसळली.

बॉनेट उघडलं. कुठंच गळत नव्हतं. गुरुजींनी एका हातानं अ‍ॅक्सिलेटरचा दांडा ओढला आणि खालचा पाईप आमच्या डोळ्यांसमोर रस पिळलेल्या आंब्यासारखा चपटा झाला. सोडला की गोल, ओढला की चपटा. त्यांनी तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा पाहायची गरज नव्हती.

"खालच्या पाईपातून इंजिन पाणी ओढते," ते म्हणाले. आवाज फळ्यासमोरचाच होता. "ओढलं का पाईप चिपकते. म्हणून आतमंदी स्प्रिंग असते."

रबर तापून एवढं मऊ झालं होतं की आता हळू चालवूनही भागणार नव्हतं. गाडी निवायला अर्धा तास गेला. सावलीला मोहाचं एक झाड होतं, तेही अर्धं वाळलेलं. मग गुरुजी मागच्या दाराशी गेले. "बायनाबाई, थे लोखंड दे."

"नाई."

"पाईपात घालाचं हाय. त्याच्याबिगर गाडी चालत नाई."

"तवा भूत म्हणून हासले, आता मांगून राह्यले? अध्या रस्त्यावर उशाचं लोखंड काढतेत का? इथी, ह्या नाल्यापाशी? तुमची गाडी जाईन चुलीत. माही पोर हाय मांडीवर."

गुरुजींनी समजावलं. मग ओरडले. त्यांना ओरडताना मी प्रथमच पाहत होतो. बायनाबाईनं गोधडी दोन्ही हातांनी दाबून धरली. लहानू कधी हिच्याकडं पाही, कधी त्यांच्याकडं. कोणाची बाजू घ्यावी ते त्याला कळेना आणि मी त्याला सांगितलं नाही. अशी पंधरा-वीस मिनिटं गेली.

शेवटी केसरबाईनंच मान उचलली, डोक्याखाली हात घातला आणि स्प्रिंग ओढून खिडकीबाहेर धरली. "घ्या," म्हणाली. "पण चला."

मी घेतली.

पाईप काढताना गुरुजींचे दोन्ही पंजे पोळले. स्प्रिंग बसली, पण होतं नव्हतं ते पाणी सांडलं. लहानू नाल्याच्या रेतीत झिरा उकरून डबा भरून आणायला गेला. रेतीतलं पाणी भांड्या-भांड्यानंच निघतं. पुन्हा निघालो तेव्हा दोन वाजत आले होते. नंतर गाडी वाऱ्यासारखी गेली आणि पाईप शेवटपर्यंत गोल राहिला.

केसरबाई वाचली. बाळ पोटातच गेलं होतं. मुलगा. "फार वेळ नाही झाला," एवढंच डॉक्टरीणबाई बोलल्या. ते ऐकताना गुरुजी आणि मी वेगवेगळ्या भिंतींकडं पाहत होतो. लहानूनं धोतराच्या फडक्यात बाळ घेतलं आणि तालुक्याच्या गावाबाहेर नेऊन पुरलं. खोदायला गुरुजींनी जॅकचा दांडा दिला.

बायनाबाई एसटीनं पुढं गेली होती, त्यामुळं गावात आमच्याआधी गोष्ट पोचली, आणि ती तिची होती. ती खोटं काहीच बोलली नाही. अध्या रस्त्यावर, नाल्याकाठी, उशाचं लोखंड काढलं. कोणी काढलं? केसरनं, आपल्या हातानं. एवढंच. लहानूची आई अंजनाबाई हे ओसरीवर बसून येईल त्याला सांगू लागली. "सुईण नाई म्हणे, अन् हे उपटून देते. लेकरू खाल्लं आपलं." त्या गोष्टीत पाईप नव्हता. गुरुजी भले माणूस म्हणून होते, आणि मी डबा धरायला. महिनाभर मी ती गोष्ट पडवीत बसून ऐकली. कधी "हो का" म्हणालो, कधी तेही नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात केसरबाईला माहेरी धाडायचं ठरलं. परत कधी, ते कोणी बोललं नाही. लहानू पेटी घेऊन एसटीच्या थांब्यावर आला. मी टपालाची थैली घ्यायला रोजच तिथं असतो. गुरुजीही आले. हातांवरची कातडी अजून गुलाबी होती.

"लहानू," ते म्हणाले, "चूक माही हाय. थे स्प्रिंग पाईपातच पायजे होती. मी बाहेर ठेवली म्हणून गाडी थांबली. गाडी थांबली म्हणून लेकरू गेलं. केसरनं दिली म्हणून निदान केसर तरी वाचली."

कारणामागून कारण, फळ्यावर मांडावं तसं. लहानूनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग वाकून गुरुजींच्या पायाला हात लावला.

"तुम्ही देवमाणूस, गुरुजी. दुसऱ्याचं पाप आपल्यावर घेऊन राह्यले. पण असं नका करू जी. आमचं आम्हाले भोगू द्या."

चाळीस वर्षांत गुरुजींचं कारण कोणी असं परत केलं नसेल.

केसरबाई पेटीवर बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. "मास्तर, तुम्ही तं तिथीच होते ना? सुरूपासून?"

लहानूही वळला. गुरुजीही. वळणावर एसटीचा धुरळा दिसला, गाडी आली, दार उघडलं, आणि कंडक्टरनं थैली पुढं केली.

मी थैली घेतली. हातानं वजन पाहिलं. पावतीवर सही केली. सही करायला लागतो त्यापेक्षा थोडा जास्तच वेळ मी घेतला. मान वर केली तेव्हा पेटी टपावर गेली होती आणि केसरबाई पलीकडच्या खिडकीशी बसली होती.