सुतकातलं मटण

तेरावा उरकला, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि रेवतीने फ्रीझर उघडला. आत तिच्या वडिलांनी, अण्णांनी आणलेलं शेवटचं मटण होतं. ‘तू बार्शीहून आलीस की करू,’ असं फोनवर सांगून त्यांनी अर्धा किलो बाजूला ठेवलं आणि ती यायच्या आधी स्वतःच गेले. रेवती अजून रडली नव्हती. अण्णांच्या शुक्रवार पेठेत त्यावर पुरेशी चर्चा झाली होती. तिला फक्त हे मटण रांधायचं होतं.

पिशवी दगडासारखी कडक होती, पण तळाच्या कोपऱ्यात लाल पाण्याचा बर्फ साचला होता. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईला एवढं पुरे होतं.

“आत्या, हे मधे वितळलं होतं का?”

अण्णांची थोरली बहीण दगडाबाई मैंदर्गीहून आली होती. लसूण सोलता सोलता ती म्हणाली, “सुतकात घरात मटण ठिवत्यात व्हय? शेजारच्या रझियाभाभीकडं ठिवलं हुतं. काल आणून परत बर्फात घातलं.”

“त्यांच्या फ्रीझरमध्ये?”

“तितं पोरांच्या कुल्फ्या की. खाली ठिवलं, भाजीवर. गारच हुतं.”

“गारव्यात वाढणारेही जंतू असतात. फ्रीझरमध्ये गप्प पडून राहतात, खालच्या कप्प्यात सावकाश संसार मांडतात. परत गोठवलं म्हणून मरत नाहीत.”

“म्हंजी देवाधर्मापायी मी जंतू पाळलं.”

“चांगले लेकुरवाळे केलेस.”

“मग उकळ की. मरत्याल मुडदे.”

“ते मरतील. त्यांनी केलेली घाण राहील.”

“तुजा बाप नुसत्या वासावर सांगायचा. खाटकाला लई छळायचा.”

ते खरं होतं. मटणाच्या पिशवीत नाक खुपसताना अण्णांच्या चेहऱ्यावर जो भक्तिभाव यायचा, तो सिद्धेश्वराच्या देवळातही कधी दिसला नाही.

रेवतीने तरी पिशवी पाण्यात सोडली. दुपारी गाठ सोडवायला घेतली. अण्णांची गाठ ती, नखं तुटली तरी ढिली होईना. शेवटी सुटली. आत मांस बुळबुळीत झालेलं. तिने अण्णांसारखंच नाक खुपसलं.

वास थेट टाळूत चढला. डोळ्यांतून पाणी आलं. गाठ परत मारली, पिशवी कचऱ्यात गेली, हात दोनदा धुतले, तरी पाणी थांबेना.

“वास लई उग्र हाय गं,” आत्या म्हणाली.

खिडकी मात्र तिने उघडली नाही.