तसूभरही फरक नाही

मालकाचा जावई तिबो पॅरिसहून आला की रॅंसच्या शॅम्पेनच्या तळघरात आधी त्याचं अत्तर पोचायचं, मग तो. अत्तर फासून वाइन चाखायला येणाऱ्याला तिथली वाइन जुळवणाऱ्या ओदीलने दारातही उभं केलं नसतं. पण मालकाचा जावई पडला! तिने नव्या शॅम्पेनची बाटली उघडून पेला त्याच्यापुढे सरकवला.

"बाटलीवर साल का नाही, मादाम?"

"ही एका वर्षाची नाही, जावईबापू. बऱ्याच वर्षांची वाइन एकत्र केलीय."

"म्हणजे उरलंसुरलं!"

तीन वर्षांपूर्वी, ही वाइन बनली तेव्हा, गारपिटीने निम्मी द्राक्षं झोडपली. उरली ती लिंबासारखी आंबट. तरी घराण्याच्या शॅम्पेनची ठरलेली चव तसूभरही हलू नये, म्हणून तिने दीड महिना चाळीस टाक्या रोज चाखल्या, दहा वर्षं जपलेली जुनी वाइन बेताबेताने मिसळली, जीभ सोलवटून घेतली. पण हे याला सांगणं म्हणजे गाढवापुढे वाचली गीता.

तिबोने घोट घेऊन नाक मुरडलं. "यात नवीन काय? डोळे मिटून प्यायलो तर गेल्या वर्षीची कुठली अन् ही कुठली, कळायचंसुद्धा नाही!"

ओदीलने वही काढून ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं.

"तक्रार लिहिताय?" तो खूश झाला.

"छे! बावीस वर्षांत इतकी मोठी शाबासकी कुणी दिली नव्हती," पेनाला टोपण लावत ती म्हणाली. "ती तुमच्या तोंडून ऐकावी लागली, एवढंच दुःख."